सागरी मत्स्यपेटीचे पाणी

बेळगाव-निपाणी भागाला समुद्र घाटापलीकडे आहे. म्हणून सागरी माशांच्या पेटीचे पाणी घरीच तयार करावे लागते. बेळगावात राकसकोप जलाशयाचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले, त्यामुळे आरओचे पाणी बरे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षारमिश्रण लागते. स्वयंपाकाचे मीठ मुळीच चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसे नसते. सर्वाधिक वेळ क्षार विरघळण्यातच जातो. आदल्या रात्री पिंपात छोटा पंप सोडून ठेवला, की सकाळी पाणी तयार. पाणी बदलण्यासाठी पेटीतून दहा लिटर उपसल्यावर पाणी कुठे येते, ती खूण काचेवर एकदाच करावी. नळीने तेथवर पाणी काढावे. क्षारता व तापमान जुळल्यावर त्याच पंपाने नवे चढवावे. बाष्पीभवनाची तूट मात्र गोड्या पाण्यानेच भरावी, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत.