शाखा कोणती घ्यावी?

मी आंबिवलीचा एक निवृत्त शाळामास्तर आहें. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा मी १९७४ सालीं उतरलों, अध्यापनाची पदविका घेतली आणि पुढील सारी हयात मुलांना अक्षरें व आंकडे शिकविण्यांत गेली. जो स्वतः कॉलेजची पायरी चढला नाहीं, त्यानें कॉलेजांत कोणती शाखा घ्यावी यावर बोलावें, हें कोणास हास्यास्पद वाटलें तर मी त्याला दोष देणार नाहीं. परंतु दरवर्षीं बारावीचा निकाल लागला कीं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचीं मुलें आमच्या ओटीवर येऊन बसतात आणि विचारतात, "गुरुजी, कोणती शाखा घेऊं?" या प्रश्नाला मीं एकदां फार चुकीचें उत्तर दिलें होतें. आज तीच हकीकत प्रथम सांगतों.

गोष्ट १९८८ सालची. माझा एक विद्यार्थी दहावीला पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला. यंत्रविद्येच्या पदविकेसाठीं त्याला तंत्रनिकेतनांत जागा मिळण्याजोगी होती. त्याच सुमारास वडील ज्या कारखान्यांत होते तेथें त्यालाही कामावर घेण्याचें ठरलें. बापलेक दोघेही सल्ला विचारावयास आले. मीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, "हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये. कायमची नोकरी आहे, धरून ठेव." मुलानें माझें ऐकलें.

वीस-एकवीस वर्षांनीं त्या कारखान्याचें दार बंद झालें. तेव्हां त्या मुलाचें वय होतें सदतीस. घरीं म्हातारे आईबाप, बायको आणि दोन लहान मुलें. त्याला एक विशिष्ट यंत्र उत्तम चालवितां येत होतें. पण तें यंत्र दुसऱ्या कोठें नव्हतें. तेव्हांपासून आजवर तो कल्याणच्या एका गृहसंकुलांत रात्रपाळीचा पहारेकरी आहे. रस्त्यांत भेटला कीं तो अजूनही वांकून नमस्कार करतो. त्यानें मला एका शब्दानेंही कधीं बोल लावला नाहीं. आणि तेंच मला अधिक लागतें.

माझें चुकलें काय, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. नोकरी धरली हें चुकलें, असें मी म्हणत नाहीं. त्या नोकरीनें वीस वर्षें एक कुटुंब पोसलें, बहिणीचें लग्न केलें, डोक्यावर छप्पर घातलें. चूक ही कीं मीं फक्त पगार पाहिला. दार बंद झाल्यावर मुलाबरोबर बाहेर काय येईल, हें मीं पाहिलें नाहीं. वास्तविक मला तें सुचावयास हवें होतें. कारण सहाच वर्षांपूर्वीं, १९८२ च्या जानेवारींत, मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले होते, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला गिरणीचें दार पुन्हां दिसलें नाहीं. एकटादुकटा कारखानाच नव्हे, तर एक सबंध धंदा माणसाच्या हयातींत मावळूं शकतो, हें आपल्या डोळ्यांदेखत घडलें होतें.

म्हणून आतां मी मुलांना पहिला प्रश्न हा विचारतों: जें शिकणार तें तुझ्याबरोबर चालेल काय? एका धन्याकडून दुसऱ्याकडे, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं, आणि वेळ पडल्यास एका धंद्यांतून दुसऱ्या धंद्यांत?

या बाबतींत लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण मला नेहमीं आठवतें. ते चित्रकला शिकण्यासाठीं मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले. तेथें असें आढळून आलें कीं त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद कळत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? परंतु रंग सुटले तरी रेघ सुटली नव्हती. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत तोच विषय शिकवूं लागले, पुढें बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें, लोखंडी नांगर केले आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. पहिली निवड फसली म्हणून आयुष्य फसत नाहीं. हातांतील विद्या दुसरीकडे नेतां आली पाहिजे.

दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. पहिला पगार हातीं येईपर्यंत घरचें किती जाणार आणि त्यानंतर किती फेडावें लागणार? आम्ही शाळेंत दरसाल दरशेकड्याचीं गणितें घालीत असूं. पण स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचें गणित मांडणारा पालक मला क्वचितच भेटतो. आपण एक मांडून पाहूं. चार वर्षांचा अभ्यासक्रम. दरवर्षीं सुरुवातीस १ लाख रुपये कर्ज. व्याज दरसाल दरशेकडा १०. अशा कर्जाची फेड बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानें सुरू होते. म्हणजे पहिल्या लाखावर पांच वर्षांचें सरळव्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३० आणि चौथ्यावर २० हजार. एकूण १ लाख ४० हजार. घेतले ४ लाख. फेडीस आरंभ करतांना देणें झालें ५ लाख ४० हजार. तें सात वर्षांत फेडावयाचें तर महिन्याचा हप्ता सुमारें ९ हजार रुपये पडतो. पहिला पगार १८ हजारांचा असेल तर निम्मा तेथेंच गेला. कर्ज काढूं नये, असें मी म्हणत नाहीं. हा आंकडा मुलाला प्रवेशापूर्वीं ठाऊक असावा, एवढेंच माझें म्हणणें.

आतां त्या हकीकतीचा उत्तरार्ध. गेल्या वर्षापूर्वींच्या उन्हाळ्यांत तोच माझा विद्यार्थी आपल्या धाकट्या मुलीस घेऊन आला. मुलगी शास्त्र शाखेंतून बारावी झाली होती. गुण शेंकडा ७१. तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या वेळीं तुम्ही सांगितलेंत तें मीं ऐकलें. आतां हिला सांगा." श्रोतेहो, त्या क्षणीं माझ्या तोंडून शब्द फुटेना.

बापाच्या मनांत संगणकाची अभियांत्रिकी होती. शेजारच्या मुलानें तीच घेतली होती. मुलगी खालीं पाहून हळूच म्हणाली, "मला परिचारिका व्हायचंय." आजीच्या शेवटच्या आजारांत सारें तिनेंच केलें होतें. आईला तें पसंत नव्हतें. रात्रपाळीच्या नोकरीनें घरांतला एक माणूस झिजलेला तिनें पाहिला होता. दुसरा झिजूं नये, असें तिला वाटत होतें. आईचा हा आक्षेप खोटा नव्हता.

या वेळीं मीं सल्ला दिला नाहीं. तीन कामें सांगितलीं. त्या व्यवसायांत निदान पांच वर्षें काढलेल्या तीन बायकांना भेटून पगार, पाळ्या आणि त्रास हीं तिन्ही विचारून यावीं. अभियांत्रिकीची चौकशीही तशीच करावी. आणि दोन्ही मार्गांचा जमाखर्च एकाच कागदावर समोरासमोर मांडावा. मुलगी आठ दिवसांनीं कागद घेऊन आली. त्यांत तीन वर्षांची पदविका आणि चार वर्षांची पदवी यांतील फरक होता. शिक्षणानंतर राज्याच्या परिचर्या परिषदेंत नोंदणी होते आणि ती नोंदणी असेल तर कोणत्याही एका रुग्णालयावर अवलंबून राहावें लागत नाहीं, हें होतें. रात्रपाळीचा त्रासही तिनें लपविला नव्हता. आणि शेवटीं एक ओळ होती: २०२४-२५ पासून राज्य शासनानें ठराविक प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीं शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केलें आहे, आपण त्यांत बसतों कीं नाहीं, हें कॉलेजांत विचारावयाचें. बापानें तो कागद दोन वेळां वाचला आणि घडी करून खिशांत ठेवला. "तुझं तू ठरवलंस ना? मग जा," एवढेंच तो बोलला.

मुलींनीं परिचर्या शिकावी, यासाठीं रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनानें १९०९ नंतरच्या काळांत केवढी खटपट केली! आनंदीबाई जोशी तर आपल्या कल्याणच्याच. १८८६ सालीं अमेरिकेंत त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्यापुढें मळलेली वाट नव्हती. आमच्या मुलींपुढें वाटा पुष्कळ आहेत. अडचण पडते ती निवडीची.

कोणी म्हणेल, मग साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांची आवड असणाऱ्यांनीं काय करावें? त्यांनीं तींच शिकावीं. फक्त त्यांच्या जोडीला एक कमावतें कसब असावें: हिशेबनिशी, भाषांतर, कायदा, अध्यापन, छपाईची जुळणी, जें रुचेल तें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 'कमवा व शिका' हा मार्ग रयत शिक्षण संस्थेच्या मुलांना दाखविला. ज्याला आधीं कमवावें लागतें त्याच्यासाठीं १९८९ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ज्याला हातानें काम करण्याची हौस आहे त्याच्यासाठीं औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि १९६१ च्या कायद्यानें आलेली शिकाऊ उमेदवारी आहे. तींत शिकतां शिकतां विद्यावेतनही मिळतें. यांतील कोणतीही वाट हलकी नाहीं.

शेवटीं, आर्थिक स्वावलंबन म्हणजे काय? मोठा पगार म्हणजे स्वावलंबन नव्हे. मोठ्या पगाराचीं परावलंबी माणसें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. न पटणाऱ्या गोष्टीला 'नाहीं' म्हणतां येणें आणि त्यानंतर सहा महिने घरची चूल पेटती राहणें, यालाच मी स्वावलंबन म्हणतों. त्यासाठीं पहिल्या पगारापासून दहावा हिस्सा बाजूस काढावा. मुलीच्या कमाईचें बँकेंतील खातें तिच्या स्वतःच्या नांवें असावें आणि त्याचा व्यवहार तिनेंच करावा. पहिल्या वर्षींच मोटारसायकलीचा किंवा घराचा हप्ता गळ्यांत अडकवून घेऊं नये.

ती मुलगी आतां दुसऱ्या वर्षांत आहे. सकाळच्या गाडीला गर्दींत उभी राहून जाते. तिची निवड बरोबर ठरेल कीं नाहीं, हें आज मी सांगूं शकत नाहीं. १९८८ सालीं मला तें सांगतां येतें, असें वाटत होतें. माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींना आणि पालकांना म्हणून एवढीच विनंति कीं, मूल विचारावयास आलें कीं उत्तराची घाई करूं नये. त्याच्या हातीं कोरा कागद द्यावा, चौकशीला पाठवावें आणि तें परत येईपर्यंत ओटीवर वाट पाहावी.