मुकादम, मजूर आणि कच्चा माल



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मजुरांच्या संगतीत आणि वाचनालयात झाले. तरीही आज गळ्यातील थायरॉइड ग्रंथीविषयी बोलणार आहे, कारण तिने माझे कान धरले होते.

तरुणपणी सेमाडोहजवळ रस्त्याच्या कामावर मी मजुरांची संघटना बांधीत होतो. एक बाई कामात फार मंद. मुकादम तिची रोजी कापी. मीही बोललो, "बाई, तुझ्यापायी साऱ्यांचे नाव जाते." ती म्हणाली, "भाऊ, आंगच उचलत नाही." तिचा गळा सुजलेला मी पाहिला होता, त्याचा अर्थ कळला नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितले, हा आळस नव्हे, आजार आहे.

मग मी वाचू लागलो. ही ग्रंथी जेमतेम 20 ग्रॅमची. पण शरीराची ऊब, नाडीचा वेग, मुलांची वाढ तिच्या रसावर चालते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे, ती मुकादम समजा. रक्तात थायरॉइडचा रस कमी पडला, की ती 'टीएसएच' नावाचा हुकूम वाढवते. रस पुरेसा झाला, की तोच रस हुकूम आवरतो. म्हणून तपासणीत टीएसएच चढलेला दिसला, तर रस जास्त झाला असे समजू नका; बहुधा तो कमी पडत असतो.

रसाचा कच्चा माल आयोडीन. मोठ्या माणसास दिवसाला 150 मायक्रोग्रॅम लागते. डोंगराळ मुलखात पाऊस ते मातीतून धुऊन नेतो. माल नाही आणि हुकूम मात्र चढत जातात. ग्रंथी राबून राबून फुगते. हाच गलगंड. ती सूज कामचुकारपणाची नव्हे, मालावाचून केलेल्या कष्टाची खूण आहे!

उपाय काय? 1956 साली डॉ. रामलिंगस्वामींनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला. जिथे ते मीठ गेले तिथे काही वर्षांत गलगंड घटला. 1962 साली देशाची गलगंड नियंत्रण योजना निघाली.

प्रत्येक सूज आयोडीनअभावीच असते असे नाही, डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईची तर आधी काळजी घ्या; सुरुवातीचे महिने पोटातले मूल आईच्याच रसावर वाढते. मीठ झाकून ठेवा. आणि कुणाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याला माल मिळतो का, एवढे विचारा. मी ते त्या बाईला विचारले नव्हते.