मुलांचा पसारा



या ज्युबिलीसाठीं देवळाची डागडुजी चालली असतां आमच्या हातून एक चूक घडली. अंगणांत पडलेल्या कौलांच्या तुकड्यांचें कांहीं बालकांनीं घर रचिलें होतें. कचरा समजून आम्हीं तें झाडून टाकविलें. मुलें रडलीं नाहींत. तीं पुन्हां रचूं लागलीं, आणि या खेपेस रुंद तुकडे त्यांनीं खालीं घातले. पाया म्हणजे काय, हें त्यांस कोणीं शिकविलें?

जर्मनीतील फ्रेबेल या शिक्षकानें हें मर्म ओळखिलें होतें. १८४० सालीं त्यानें आपल्या संस्थेस ‘बालोद्यान’ या अर्थाचें नांव दिलें. त्याच्या खेळण्यांत आठ लहान लांकडी ठोकळ्यांचा मिळून एक मोठा ठोकळा आहे. तो मोडून मूल खुर्ची करितें, जिना करितें. पुन्हां जोडितांना अर्धें व पाव म्हणजे काय, हें हातांनींच शिकतें.

परंतु त्यास महाग खेळणींच हवींत असें नव्हे. आपल्या वसईच्या उत्तरेस, बोर्डी येथें, १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. त्यांच्या बालवाडींत शिंपले, बिया, खडे हींच साधनें झालीं.

मातापित्यांनो, ओटीचा एक कोपरा मुलांस द्या. ‘पसारा आवर’ म्हणण्यापूर्वीं ‘हें काय बांधिलेंस, बाळा?’ असें विचारा. आम्हीं तें विचारिलें नाहीं. तें घर नव्हे, आपलें देऊळ होतें, हें आम्हांस मागाहून कळलें.

देव आपल्या लेकरांस सुखी राखो.