चौथी सीट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेनंतर काय मिळवलं, यावर बोलायला सांगितलं आहे. पगार आणि पद बाजूला ठेवतो. मित्र कसे मिळाले आणि एक कसा हरवला, ते सांगतो.

शेणव्याच्या शाळेत मैत्री करावी लागलीच नाही, ती होऊन गेली. आवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग गैरहजर असायचा. पण कोण शेतावर आहे, कोण तापानं झोपलंय, हे गुरुजींच्या हजेरीआधी आपल्याला ठाऊक असायचं. एकमेकांची घरं माहीत होती, घरातली माणसं माहीत होती.

कॉलेज संपलं आणि 2004 साली दादरला नोकरी लागली. पहाटे नाक्यावरून जीप, आसनगावहून लोकल. आपल्यापैकी कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, कुणी लग्न होऊन सासरी. सहा महिने मी दाराशी उभा राहून प्रवास केला. डब्यात सगळ्यांचे ग्रुप ठरलेले. कुठे पत्ते, कुठे टाळांवर भजन. बाविसाव्या वर्षी 'माझ्याशी मैत्री कराल का' असं कुणाला विचारणार?

एके दिवशी टिटवाळ्याला चढणारा एक जण म्हणाला, "रोज उभेच असता. या, चौथी सीट आहे." तिघांच्या बाकावर अर्धंच बूड टेकलं, पण मला जागा मिळाली. मग दसऱ्याला डबा सजवणं, पेढे वाटणं, सगळ्यात मी आलो.

26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमची गाडी वाटेतच उभी राहिली. रात्र डब्यात काढली. टिटवाळेकरानं डब्यातली उरलेली एक पोळी अर्धी करून मला दिली. तेव्हा वाटलं, आता हा आपला माणूस.

पुढच्या पावसाळ्यात तो यायचा बंद झाला. दोन दिवस आम्ही म्हणालो, रजेवर असेल. दोन आठवडे गेले. मग लक्षात आलं, त्याचं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं. मोबाइल त्याच्याकडे नव्हता. एका रविवारी टिटवाळ्याला उतरलो. स्टेशनबाहेर, गणपती मंदिराच्या रस्त्यावर विचारत फिरलो. नुसता चेहरा सांगून माणूस सापडतो का? तो आजवर भेटला नाही. दोन वर्षं शेजारी बसून मी त्याला 'घरी कोण कोण असतं' एवढंही विचारलं नव्हतं, याची बोच अजून आहे.

सोमवारी मी डब्यात वही फिरवली. पूर्ण नाव, पत्ता, फोन. दिवाळीनंतर सगळ्यांना शेणव्याला जेवायला बोलावलं. आईनं तांदळाच्या भाकरी केल्या. पुढे वडील गेले, तेव्हा त्यातले सहा जण रजा टाकून दारात उभे होते.

कॉलेजनंतर मैत्री आपोआप होत नाही, एवढं मी शिकलो. कुणीतरी सरकून जागा द्यावी लागते, आणि बसणाऱ्यानं समोरच्याचं घर विचारावं लागतं.

आज आपल्या हजेरीपटावरची काही नावं इथे नाहीत. ती का आली नाहीत, हे एके काळी आपल्याला ठाऊक असतं. जेवणानंतर ती वही इथेही फिरणार आहे. ज्याला ज्याचं घर माहीत आहे, त्यानं लिहावं. पुढच्या रविवारी मी निघणार आहे. सोबत कोण येतंय?