मुसारामचा धर्म कोणता?



मलकपेठेजवळच्या आसमानगढ टेकडीवर जनरल रेमों या फ्रेंच सेनानीची कबर आहे. निजामाच्या चाकरीत असता १७९८ साली तो वारला. मुसलमान प्रजा त्याला ‘मुसा रहीम’ म्हणे, हिंदू ‘मुसा राम’ म्हणत. मुसारामबाग हे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. उद्या कोणी वंशशोधक निव्वळ नावावरून या गृहस्थाचा धर्म ठरवू लागला, तर त्याची काय गत होईल?

आयर्लंडमधील वंशशोधकाची ही अडचण तेथील खानेसुमारीने पुष्कळशी दूर केली आहे. १९०१ आणि १९११ सालची घरोघरची पत्रके आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. कुटुंबप्रमुखाने भरून द्यावयाच्या त्या पत्रकात प्रत्येकाचे नाव, वय, नाते, व्यवसाय आणि धर्मपंथ यांचे रकाने आहेत. नुसते ‘ख्रिस्ती’ लिहून तेथे भागत नसे. रोमन कॅथलिक, चर्च ऑफ आयर्लंड, प्रेस्बिटेरियन, असा पंथ सांगावा लागे. एखाद्या घरात नवऱ्याचा पंथ एक नि बायकोचा दुसरा, हे गुपितही त्यामुळे पणतवंडांना उमगते. मात्र त्यापूर्वीचे दप्तर फारसे उरलेले नाही. १८२१ ते १८५१ ची बहुतेक पत्रके १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागारासह जळाली. १८६१ ते १८९१ ची तर सरकारनेच नष्ट केली. आगीला बोल लावता येतो, कचेरीच्या हुकुमाला कोण लावणार?

आमच्याकडे प्रकार निराळा. निजामाच्या राज्यात पहिली शिरगणती १८८१ साली झाली. तिच्या अहवालात धर्मवार संख्या मिळेल, पण तुमच्या पणजोबांचे नाव मिळणार नाही. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तींची पत्रके पाहण्यास मज्जावच केला. ही गुप्तता मला योग्य वाटते. दुसऱ्याचा धर्म विचारणारे सारेच काही पूर्वजांच्या प्रेमाने विचारीत नाहीत.

मग मराठवाड्यातून येऊन हैदराबादेत स्थिरावलेल्या कुटुंबाने काय करावे? त्याने नाशिक-त्र्यंबकेश्वरची वाट धरावी. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, आडनाव, वाडवडील नि मुलेबाळे यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा वाचणारा सोबत हवा. अर्थात ज्याला यात्रेचा खर्च झेपला नाही किंवा ज्याला क्षेत्री थाराच नव्हता, त्याचा त्या वह्यांत मागमूस नाही. आणि निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना मूळ गाव विचारून घ्यावे. उपाध्याय वही उघडतो ती गावाच्या नि आडनावाच्या आधारे. मलकपेठेचा पत्ता तेथे कामाचा नाही.