दमदम, हेग आणि तेरा रुपये

बेंगळूरात चर्चिलचा विषय निघाला की तेरा रुपये निघतातच. रेसिडेन्सी रोडवरच्या क्लबात एक जुनी वही आहे. 1 जून 1899 च्या नोंदीत बुडीत येण्यांची यादी आहे आणि तीत लेफ्टनंट चर्चिल यांच्या नावावर 13 रुपये. आपण हसतो, पुढे जातो. मला मात्र त्या तारखेने अडवलं. त्याच दिवसांत हॉलंडमधल्या हेग शहरात 26 देशांचे प्रतिनिधी शांतता परिषदेला बसले होते. 18 मेला सुरू झालेली ती परिषद 29 जुलैपर्यंत चालली.

चर्चिल 1896 मध्ये फोर्थ हुसार्स पलटणीबरोबर इथल्या छावणीत आले. सकाळी कवायत, दुपारी इतिहासकार गिबनचं वाचन, संध्याकाळी पोलो, शिवाय बंगल्याभोवती गुलाब. 26 जुलै 1897 च्या रात्री वायव्य सरहद्दीवर मलाकंदच्या तळावर पठाण चालून आले.  त्या तळावर आपल्या मद्रास सॅपर्सची एक कंपनी होती. हल्लेखोरांनी तिची चौकी फोडून काडतुसं पळवली. चर्चिल रजेवर इंग्लंडात होते. ते धावत परतले, बेंगळूरहून दोन हजारांवर मैल रेल्वेने गेले, लढाई पाहिली आणि परत येऊन इथेच पुस्तक लिहिलं. त्यात दमदम गोळीचं कौतुक आहे.

ही गोळी काय होती? 1895 च्या, सरहद्दीवरच्याच चित्रळ मोहिमेत तक्रार आली की नव्या बंदुकीची बारीक, धातूच्या कवचाची गोळी माणसातून आरपार जाते आणि माणूस चालत येतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. आता गोळी लागली की पसरायची आणि आतलं सगळं फाडायची.

हेगची परिषद बोलावली होती रशियाच्या झारने, ऑगस्ट 1898 मध्ये. सगळी भूतदयाच होती असं समजू नका. ऑस्ट्रियाच्या नव्या वेगवान तोफांशी बरोबरी करायला झारच्या तिजोरीला झेपत नव्हतं. शस्त्रकपातीचं काही जमलं नाही. कायम लवाद न्यायालय मात्र उभं राहिलं, आणि पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला. विरोध फक्त ब्रिटन आणि अमेरिकेचा. ब्रिटनचे जनरल आर्डा यांचं म्हणणं असं, की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. ब्रिटनने ती बंदी मान्य केली 1907 मध्ये.

याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मला उलट वाटतं. आर्डांनी उघड बोलून दाखवलं, एवढंच. ठरावातच लिहिलं होतं की बंदी सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरती. सरहद्दीवरचे पठाण कुठे सही करणार? यजमान डचांची फौज 1873 पासून सुमात्रात आचेच्या लोकांशी लढत होती. त्यांनी सही केली, कारण सहीने त्यांचं काही अडत नव्हतं.

सयाम, इराण, चीन, जपान यांना हेगमध्ये खुर्ची होती. हिंदुस्थानला नव्हती. आपलं तिथे गेलं ते एका गावाचं नाव, गोळीला चिकटून. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या बोअरांनाही बोलावणं नव्हतं. परिषद उठल्यावर अडीच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, ब्रिटनचं त्यांच्याशी युद्ध पेटलं, आणि त्यांचे कैदी पुढे आपल्या अहमदनगरला आणून ठेवले.

दमदमनंतर शस्त्राला नाव देण्याची पाळी आपल्या शहराची. 1912 मध्ये मद्रास सॅपर्सच्या कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी इथे स्फोटकं भरलेली लांब नळी तयार केली. तारांच्या कुंपणाखाली सरकवायची आणि उडवायची. तिला नाव पडलं बॅंगलोर टॉर्पेडो. जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काटेरी तारा फोडताना अमेरिकन शिपाई तीच मागत होते, नुसतं ‘बॅंगलोर’ म्हणून. हे शहराचं नाव आहे हे त्यांच्यातल्या कितींना ठाऊक असेल? त्या वेळी ब्रिटनच्या पंतप्रधानांना मात्र पक्कं ठाऊक होतं. तेरा रुपयेवाले तेच.