वर्दी येण्यापूर्वी

(अग्निशमन सेवा सप्ताहाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अग्निशमन दलात ‘वर्दी’ या शब्दाचा अर्थ गणवेश असा होत नाही. आग लागल्याची खबर केंद्रात पोहोचली, की ‘वर्दी आली’ असे म्हणतात. घंटा वाजते आणि जेवणाच्या ताटावरून उठलेला जवान काही क्षणांत बंबावर असतो. तीस-बत्तीस वर्षे अशा वर्दीला धावून गेलेला एक जवान डोळ्यांसमोर आणा. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो निवृत्त होतो आणि एके दिवशी घरी सांगतो, “महापालिकेच्या निवडणुकीला मी उभा राहणार आहे.” पत्नी म्हणते, “आजवर रात्र-रात्र तुमची वाट पाहिली, आता तरी घरात बसा.” शेजारी म्हणतात, “साहेब, चांगल्या माणसाने त्या चिखलात कशाला उतरायचे?”

असा माणूस कोणत्याही शहरात भेटू शकेल. त्याचे नाव महत्त्वाचे नाही. त्याला असे का वाटावे, हा आजचा प्रश्न आहे.

ज्या परंपरेत तो घडला, तिच्याकडे आधी पाहू. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकेही होती. जवान पाण्याचा मारा करीत असतानाच जहाज फुटले आणि 66 अग्निशामकांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. पुढे 9 मे 2015 रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई दलाने आपले चार अधिकारी गमावले. दलाचे प्रमुखही त्यांत होते. नेतृत्व पुढे राहून करायचे असते, हा धडा या सेवेत असा प्राण देऊन गिरवला जातो.

परंतु शौर्याच्या या कथा ऐकताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. जवान पोहोचतो तेव्हा बहुतेक चुका आधीच होऊन गेलेल्या असतात. जिन्यात सामान रचलेले असते, गच्चीच्या दाराला कुलूप असते, गल्लीत वाहने अशी उभी असतात की बंब आत शिरत नाही. जलखांब असतो, पण त्याला पाणी नसते. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग भडकली आणि 14 जणांचा बळी गेला. जीव वाचवण्यासाठी स्वच्छतागृहात शिरलेले अनेक जण तिथेच गुदमरले. आपल्याकडे आग लागल्यावर विहीर खणणे म्हणतात, ते हेच.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे, असे तो सांगतो. ते किती इमारतींनी सादर केले आणि न करणाऱ्यांवर काय कारवाई झाली, हे विचारणार कोण?

आपल्या या जवानाला उत्तर सापडते ते इथे. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली आणि ती 1 जून 1993 पासून अमलात आली. नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवावयाचे 18 विषय तीत आहेत. त्यांतील सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. म्हणजे नवे केंद्र कुठे हवे, शिडीचे वाहन कधी घ्यावे, रिक्त पदे का भरली नाहीत, हे प्रश्न ज्या सभागृहात विचारायचे, त्याचेच दार तो ठोठावतो आहे. इमारतीला परवानगी देणे नगरसेवकाच्या हाती नसते, पण जाब विचारणे निश्चितच असते.

अर्थात, शौर्य ही काही आपोआप लोकप्रतिनिधित्वाची पात्रता ठरत नाही. दलात आज्ञा सुटते आणि पाळली जाते. सभागृहात मात्र पटवावे लागते, ऐकावे लागते आणि हरावेही लागते. अंदाजपत्रक वाचायला शिकावे लागते. गटारीपासून शाळेपर्यंत सगळेच विषय आपले मानावे लागतात. शिवाय, बेकायदा गाळा वाचवा म्हणून येणारा माणूस पुष्कळदा आपलाच मतदार असतो. त्याला ‘नाही’ म्हणणे हे ज्वाळांत शिरण्याइतकेच कठीण असते. खरी परीक्षा तिथे आहे.

या परीक्षेत मार्ग दाखवणारी माणसे आपल्या परंपरेत आहेत. पं. दीनदयाळ उपाध्याय 1963 मध्ये जौनपूरच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. जातीच्या नावाने मते मागण्यास त्यांनी नकार दिला आणि पराभव स्वीकारला. रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत. पराभव पचवण्याची तयारी आणि हिशेब देण्याची सवय, ही शिदोरी ज्याच्यापाशी आहे, त्याने अवश्य उभे राहावे.

आणि आपण? चांगली माणसे राजकारणात येत नाहीत, ही तक्रार आपण दिवाणखान्यात बसून करतो आणि असा माणूस दारी आला, की ‘तुमची जात कोणती, पक्ष कोणता’ असे विचारतो. आज घरी परतताना प्रत्येकाने आपल्या इमारतीचा जिना पाहावा. तिथे जुनी कपाटे, सायकली ठेवलेल्या असतील, तर त्या आधी हलवाव्यात. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, ते विचारावे. जानेवारी-जुलैचे प्रमाणपत्र सादर झाले का, हे सोसायटीच्या सभेत विचारावे. नागरिकाचे कर्तव्य इथून सुरू होते. उमेदवाराला प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार त्यानंतरच मिळतो.

पत्नीच्या प्रश्नाला त्या जवानाचे उत्तर काय असेल? बहुधा एवढेच, की “इतकी वर्षे वर्दी आल्यावर धावलो. आता ती येऊच नये, म्हणून निघालो आहे.”